0.1 एफएसआय म्हणजे 9 लाख माणसं

कोणत्याही शहराच्या विकास आराखड्यात आधी एक आकडा ठरतो: वीस वर्षांनी इथे किती माणसं राहत असतील? त्या आकड्यावरून शाळा, दवाखाने, मैदानं यांची आरक्षणं पडतात, पाण्याचा हिशेब होतो. आणि भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकामाला परवानगी द्यायची, ते सांगणारा एफएसआयही (चटईक्षेत्र निर्देशांक) त्याच आकड्याला धरून असायला हवा.

मुंबईच्या 2034 च्या आराखड्यात तो आकडा आहे सुमारे 1 कोटी 28 लाख. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती 1 कोटी 24 लाख 42 हजार 373. म्हणजे 23 वर्षांत भर पडणार जेमतेम साडेतीन लाखांची.

आता परवानग्यांकडे या. दक्षिण मुंबईत 1,000 चौरस मीटरचा एखादा भूखंड घ्या. 1991 च्या नियमावलीतल्या 1.33 एफएसआयने त्यावर 1,330 चौरस मीटर बांधकाम व्हायचं. 50 चौरस मीटरचं एक घर धरलं तर 26 घरं. नव्या नियमावलीनुसार रुंद रस्त्यालगत प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क) धरून एफएसआय 3 पर्यंत जातो. त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा मिळणारं चटईक्षेत्र, मिळवलं की 4,050 चौरस मीटर, म्हणजे 81 घरं. भूखंड तोच, समोरचा रस्ता तोच, जमिनीखालची जलवाहिनीही बहुधा तीच.

हे एका भूखंडाचं झालं. समजा, शहरात 100 चौरस किलोमीटर निवासी भूखंड आहेत आणि त्या सगळ्यांवर एफएसआय फक्त 0.1 ने वाढवला. बांधकाम वाढलं 1 कोटी चौरस मीटर. घरं झाली 2 लाख. घरटी साडेचार माणसं धरली तर 9 लाख लोक! आराखड्याने 23 वर्षांत जी वाढ धरली, तिच्या अडीचपट माणसं दशांश चिन्हापुढच्या एका अंकात मावतात. या 9 लाखांना माणशी 135 लिटरप्रमाणे रोज 12 कोटी 15 लाख लिटर पाणी लागेल. 10 हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दिवसाला 12,150 टँकर. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक सूचनांत मोकळी जागा माणशी 10 ते 12 चौरस मीटर सांगितली आहे. त्यातला कमीत कमी आकडा घेतला तरी शिवाजी पार्कएवढी 80 मैदानं हवीत. ती कुठून आणणार?

मग आराखड्यातला आकडा इतका लहान का? कारण तो मागच्या वाढीकडे बघून काढलेला आहे, आणि मागची वाढ खरोखरच मंदावली होती. 2001 ते 2011 या दशकात मुंबईत फक्त 4 लाख 64 हजार माणसं वाढली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर 1981 मधल्या 32.85 लाखांवरून 2011 मध्ये 30.85 लाखांवर उतरली. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहत होते तो हाच काळ. 2001 ते 2011 याच दशकात ठाणे जिल्ह्यात (पालघर तेव्हा त्यातच होतं) 29 लाखांहून अधिक लोकांची भर पडली. ते सगळे मुंबईतून गेलेले नाहीत, हे उघड आहे. पण परळ-लालबागची किती कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, हे लोकलने प्रवास करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांना मुंबईत राहायचं नव्हतं असं नाही, परवडणारं घर नव्हतं. त्यांच्या जाण्याने वाढ मंदावली, आणि पुढच्या आराखड्यात तीच मंद वाढ अंदाज म्हणून नोंदवली गेली. मला हा अन्याय वाटतो. ज्यांना शहराने घर दिलं नाही, त्यांना शहराने मोजणीतूनही वगळलं.

जे राहिले, त्यांचं काय? 2011 मध्ये मुंबईतले 52 लाख लोक, म्हणजे दर शंभरातले जवळपास 42, झोपडपट्टीत होते. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक सर्वेक्षणानुसार याच शहरात सुमारे 4 लाख 80 हजार घरं रिकामी होती. साडेचारच्या हिशेबाने त्यांत 21 लाखांहून अधिक माणसं राहू शकली असती. म्हणजे परवानगी मिळाली, इमारत झाली, तरी माणूस आत गेलाच असं नाही. नुसता एफएसआय वाढवून घरांचा प्रश्न सुटेल असं म्हणणाऱ्यांनी या आकड्यापाशी थांबावं. आणि परवानग्याच रोखा म्हणणाऱ्यांनी 52 लाखांपाशी.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. सोळा वर्षांनी खरा आकडा हाती येईल. तो आल्यावर महापालिकेने 2034 ची वाट न पाहता प्रत्येक प्रभागाचे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत: राहणारी माणसं, परवानगी दिलेली घरं, आणि तिथलं पाणी व मैदानं. तोवर तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा लागली, तर आपल्याला वाढीव चटईक्षेत्र किती मिळणार हे जरूर विचारा. त्याचबरोबर रस्त्यावर माणसं किती वाढणार, हेही विचारा आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.