निर्मनुष्य किनारा आणि उदात्त

मागच्या वेळी आपण कांटच्या ‘उदात्त’ या कल्पनेपाशी येऊन थांबलो होतो. आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बिंदुसरा आणि मांजरा यांच्यावरच आपण भागवतो. तेव्हा उदाहरण घ्यायचंच तर चांगलं लांबचं घेऊ. स्कॉटलंडच्या वायव्येला, साधारण ५८ अंश उत्तर अक्षांशावर हॅरिस नावाचा खडकाळ मुलूख आहे. लुईस आणि हॅरिस हे खरं तर एकच बेट. त्याच्या पश्चिम अंगाला लस्केंटायरचा किनारा आहे. आपल्याकडची मुलं हल्ली तिकडे नोकरीला असतात. सुट्टीत अशा ठिकाणी जातात, फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, ‘लांबपर्यंत माणूस नाही!’ आज आपल्याला या उद्गारचिन्हाचाच विचार करायचा आहे.

स्काय बेटावरून बोटीनं पावणेदोनेक तासांत टार्बर्ट बंदर येतं. पुढे अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना उघडाबोडका कातळ. आपला बालाघाटाचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. तिथला काही दगड तीनशे कोटी वर्षांच्या घरातला. आणि मग एकदम पांढरी वाळू. शिंपल्यांचा चुरा होऊन झालेली, म्हणून इतकी पांढरी. समोर अटलांटिक, आणि वारा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

आता कांट काय म्हणतो बघा. १७९० साली आलेल्या तिसऱ्या ‘क्रिटीक’मध्ये तो खवळलेल्या समुद्राचं उदाहरण देतो. समुद्रापुढे आपलं शरीर क्षुद्र ठरतं, पण त्याच वेळी आपल्यात निसर्गाला न झुकणारं काहीतरी आहे याची जाणीव होते. अट एकच, आपण सुरक्षित जागी उभं असलं पाहिजे. बुडणाऱ्याला उदात्त दिसत नाही. (हे सांगणारे गृहस्थ आयुष्यात पूर्व प्रशियाच्या बाहेर गेले नाहीत, हे जाता जाता.) पुढे तो आणखी एक अट घालतो. समुद्राकडे पाहताना त्यात मासे किती, त्याची वाफ होऊन ढग कसे बनतात, हे ज्ञान बाजूला ठेवा. डोळ्यांना दिसतं तेवढंच पाहा.

आम्हाला अडचण इथे वाटते. लस्केंटायरची किती माहिती बाजूला ठेवायची?

कारण हा किनारा पहिल्यापासून असा रिकामा नव्हता. वाळूच्या मागे गवताळ, कसदार जमिनीचा पट्टा आहे आणि तिथे गावं होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी जमीनमालकांनी ती उठवली. काही कुटुंबं समुद्रापार गेली. काहींना बेटाच्या पूर्व बाजूला, निव्वळ खडकावर बसवलं. तिथे त्यांनी पाठीवरच्या टोपल्यांतून समुद्रशेवाळ आणि माती वाहून उंच वाफे केले आणि बटाटे लावले. पण माणूस पुरायला लागते तेवढी खोल माती पूर्वेला नव्हती. म्हणून प्रेत खांद्यावर घेऊन, डोंगर ओलांडून पुन्हा पश्चिमेला यायचं. जिथून जिवंतपणी उठवलं, तिथेच मेल्यावर जागा.

आता कांटचाच नियम लावू. शुद्ध उदात्त शोधायचं ते कच्च्या निसर्गात, माणसानं घडवलेल्या वस्तूत नाही, असं तो बजावतो. मग समुद्राची अफाटता निसर्गाची, ती उदात्तच आहे. पण किनाऱ्याचं निर्मनुष्यपण कुळांना उठवणाऱ्यांनी घडवलेलं आहे. या दोन गोष्टी फोटोत एक होतात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. माशांचं ज्ञान बाजूला ठेवता येईल, गाव उठल्याचं ठेवता येणार नाही.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजूर निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पोरंबाळं गाडीत असतात. मागे म्हातारी माणसं आणि कुलपं. पौषात पुण्याचा पाहुणा आला तर म्हणेल, वा, काय शांतता आहे हो तुमच्याकडे! आपली माणसं पट्टा पडला की परत येतात, हा मोठा फरक आहेच. हॅरिसच्या पश्चिमेलाही विसाव्या शतकात काही जमीन पुन्हा लहान शेतकऱ्यांना मिळाली.

तेव्हा कुणाच्या घरचं मूल तिकडे निघालं असेल तर त्याला एवढंच सांगा. गाडीनं थेट वाळूवर उतरू नकोस. ती जुनी प्रेतवाट आजही पायी चालता येते. पूर्वेच्या खडकांतून निघ आणि डोंगर चढून उतर. समुद्र शेवटी दिसेल, आणि जवळच दफनभूमीही.