वहीतल्या कागदाला कोर्ट मृत्युपत्र मानील काय?



पणदरे भागात उसाच्या नोंदी घेताना आम्ही लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र विचारतो. पण खातेदार वारला असेल तर घरचेच आम्हाला विचारतात, "साहेब, दादांनी वहीत लिहून ठेवलंय, वरचा तुकडा धाकट्याला द्या म्हणून. चालंल का?" भावाभावांत एकमत नसेल तर उभ्या उसाचे बिल कोणाच्या खात्यावर जमा करायचे, इथपर्यंत गोष्ट येते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख. तेथील कोर्टाने २०१७ साली मोबाइलमधला न पाठवलेला मजकूर मृत्युपत्र म्हणून मान्य केला. कागदाचा दोष माफ करण्याचा अधिकार तिकडच्या कायद्याने कोर्टाला दिला आहे. आपल्या कोर्टाला तो नाही.

आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याचे कलम ६३ पाहतात. करणाऱ्याची सही वा अंगठा हवा. किमान दोन साक्षीदार हवेत. दोघांनीही ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा "ही माझीच सही" असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याच्यासमोर आपली सही केलेली असावी. स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. (मुस्लिम सभासदांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू आहे.)

साक्षीदारच नसतील तर इच्छा कितीही खरी असो, कागद पडतो. मग मुलगे, मुली, पत्नी आणि हयात असल्यास आई यांना सारखा वाटा मिळतो. गट नंबर किंवा नाव चुकले असेल, तर मात्र पुराव्यावरून कोर्ट खरा अर्थ लावू शकते. साक्षीदार वारले असल्यास हस्ताक्षर ओळखणाऱ्याची साक्ष चालते.

साक्षीदार हयात असेल तर किमान एकाने कोर्टात यावेच लागते. भोईर विरुद्ध कदम या आपल्या महाराष्ट्रातील खटल्यात एकच साक्षीदार तपासला. दुसऱ्याने सही कशी केली हे त्याला सांगता आले नाही. दुसरा हयात असून बोलावला नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ते मृत्युपत्र शाबीत झाले नाही असे ठरवले.

फेरफार झाला म्हणून मालकी ठरत नाही. वाद असेल तर दिवाणी कोर्टच ठरवते. शेअरला लावलेले वारसाचे नाव म्हणजे जमिनीचे मृत्युपत्र नव्हे. वडिलोपार्जित जमिनीत आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. २००५ पासून मुलीही त्यात बरोबरीच्या हिस्सेदार आहेत.

तेव्हा हातपाय चालतात तोवर लिहा. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान निवडा. ज्याला जमीन मिळायची त्याला साक्षीला घेऊ नका, संशयाला जागा राहते. कागद तयार असेल तर वकिलाला आजच दाखवा. करणारा हयात आहे तोवर दोष एका दिवसात दुरुस्त होतो.