राखीव गेटवे : संख्येची मर्यादा आणि तारेची मर्यादा

अमरावतीनजीक पेढी नदीकाठी वसलेले वलगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी येथील पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. ग्रामपंचायतींच्या लेख्यांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू झाली. तेव्हापासून अशा गावीही संगणकाचा बाहेरच्या जाळ्याशी असलेला संबंध तुटला की कामगारांची व पुरवठादारांची देयके अडून राहतात.

कार्यालयातील संगणकाला बाहेर जाण्याचा एकच पत्ता ठाऊक असतो. त्यास गेटवे म्हणतात आणि ते काम राउटर हे यंत्र करते. ते बंद पडले तर शेजारी दुसरे सुस्थितीत असूनही संगणक आपण होऊन तिकडे वळत नाही. यावर १९९८ साली व्हीआरआरपी ही पद्धत प्रसिद्ध झाली. तीत दोन राउटरांचा गट करून त्यांस एक सामाईक, आभासी पत्ता दिला जातो. मुख्य यंत्र साधारणपणे दर सेकंदास आपण जागे असल्याचा संदेश देते. तीन-चार सेकंद तो आला नाही तर राखीव यंत्र कारभार हाती घेते. कारकुनास याचा पत्ताही लागत नाही.

वलगावच्या कार्यालयास असा एक गट पुरेसा होईल. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी कोषागार, शिक्षण, भूमी अभिलेख अशा शाखांची जाळी वेगळी ठेवली, तर प्रत्येकीस स्वतंत्र गट लागतो. गटक्रमांकासाठी १ ते २५५ एवढे आकडे उपलब्ध आहेत; परंतु ही झाली कागदावरची संख्या. प्रत्येक गटाच्या आभासी पत्त्याकडे यंत्राला निराळे लक्ष ठेवावे लागते. काही यंत्रांत ती सोय १६ किंवा ३२ गटांपुरतीच असते. वीस शाखा आणि सोळा गट असा हिशेब निघाला तर चार शाखा राखीव यंत्रावाचून राहतात, आणि हे बहुधा खरेदीनंतर ध्यानात येते! शंभर गट म्हणजे सेकंदाला शंभर संदेश. दुबळे यंत्र त्यांत मागे पडले तर राखीव यंत्र मुख्यास मृत समजून कारभार घेते व दोघेही मालक होऊन बसतात. एकाच जाळ्यात दोन गटांना एकच क्रमांक दिल्यासही असाच घोटाळा होतो. निरनिराळ्या जाळ्यांत मात्र तोच क्रमांक खुशाल वापरता येतो.

याहून मोठी अडचण तारेची आहे. दोन्ही राउटर एकाच प्रकाशतंतूवर असतील तर खोदकामात तो तुटताच दोन्ही निरुपयोगी ठरतात. पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या, २०११ साली मंजूर झालेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावापर्यंत सरळ रेषेत तार गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार जोडणी स्वीकारली गेली, ती यासाठीच. मार्ग दोन असले तरी बाहेरची तार तुटल्याचे मुख्य यंत्राने ओळखून माघार घ्यावी, अशी तजवीज त्यात मुद्दाम करावी लागते. एरवी आतील संदेश चालूच राहतात आणि राखीव यंत्र स्वस्थ बसते. म्हणून यंत्रे ताब्यात घेताना मुख्य राउटरची वीज बंद करून पाहणे पुरेसे नाही. तो चालू ठेवून बाहेरची तारही काढून पाहावी.