साइट उघडत नाही, मेल जात नाही? आधी नेटची लाइन तपासा

अर्ज भरायची शेवटची तारीख. राउटरचे दिवे हिरवे, यूट्यूब झकास चालतंय, पण अर्जाचं पान काही उघडत नाही. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ असं ऐकून माणूस गावाकडे परततो. पण दरवेळी सर्व्हरच डाऊन असतो असं नाही. कधी कधी दोष नेट पुरवणाऱ्याच्या लाइनमध्ये असतो.

ओळखायचं कसं?
वायफाय काढून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. तीच साइट त्याच कॉम्प्युटरवर उघडली, तर गडबड बहुधा राउटर किंवा लाइनमध्ये आहे. अर्जही तिथूनच भरून टाका.

साइट का अडते?
साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता शोधून देण्याचं काम डीएनएस करतं. नेटवाल्याचं डीएनएस बिघडलं किंवा त्यात जुनाच पत्ता राहिला, तर ठरावीक साइटच उघडत नाहीत. अशा वेळी राउटरमध्ये डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकून पाहा.

पान अर्धवट येतं किंवा फोटो अपलोड होताना अडकतो, तेव्हा ‘एमटीयू’ तपासायला सांगा. म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचं माप. साधारणपणे ते १५०० बाइट असतं. युजरनेम-पासवर्डच्या पीपीपीओई लाइनवर १४९२. हे माप चुकलं की मोठी पाकिटं वाटेतच अडतात.

मेलचं काय?
अनेक कंपन्या स्पॅम रोखायला २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवतात. त्यामुळे ब्राउझरमधून मेल जातो, पण आउटलुक किंवा बिलाच्या सॉफ्टवेअरमधून जात नाही. सेटिंगमध्ये ५८७ किंवा ४६५ टाका.

शिवाय एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरमधून व्हायरसने स्पॅम पाठवला, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि भोगावं लागतं सगळ्यांना. काही साइटही असा पत्ता अडवतात.

तक्रार करताना
‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘स्पीड तर येतोय’ असं उत्तर मिळेल. कोणती साइट, किती वाजता, हॉटस्पॉटवर उघडली का, हे स्क्रीनशॉटसह कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. मोठ्या कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, म्हणून तो क्रमांक जपून ठेवा.