तलंगांचा अंड्यावर येण्यापूर्वींचा आहार

कोंबडी अंडीं घालूं लागली म्हणजे तिच्या खाण्याकडे सर्वांचेंच लक्ष जातें. परंतु तलंग वयांत येत असतां जे तीनचार आठवडे जातात, त्यांकडे बहुधा कोणी पाहत नाहीं. पुढें वर्षभर ती कशीं अंडीं देणार हें पुष्कळसें याच दिवसांत ठरतें, असें आम्हांस वाटतें.

व्हाइट लेगहॉर्न जातीची तलंग सुमारें १८ ते २० आठवड्यांची झाली म्हणजे अंड्यावर येते; गांवठी तलंगेस सहा महिने किंवा अधिकही लागतात. तेव्हां नुसते दिवस मोजीत न बसतां पक्षी हातांत घेऊन पाहावा. तुरा भरून लाल झाला, आणि शेपटीखालील दोन हाडांमध्यें दोन बोटें मावूं लागलीं, कीं पहिलें अंडें जवळ आलें असें समजावें.

मुख्य प्रश्न चुन्याचा. एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें, आणि तें कवच बहुतांशीं रात्रीं, कोंबडी उपाशी असतां तयार होतें. यासाठीं पहिल्या अंड्यापूर्वीं सुमारें दोन आठवडे तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळींत एक नवें, सच्छिद्र हाड धरूं लागतें. हीच तिची कणगी. ही भरली नसतां अंडीं सुरू झालीं, तर कोंबडी आपल्या मूळ हाडांतून चुना देत राहते. पुढें कवच पातळ येतें, आणि कधीं कोंबडी पायांनीं अधू होऊन बसते.

हें ऐकून कित्येक जण दहाव्या आठवड्यापासूनच अंड्यावरील कोंबड्यांचें खाद्य घालूं लागतात. ही त्याहून मोठी चूक होय. त्या खाद्यांत कॅल्शियम शेंकडा साडेतीन ते चार असतें. वाढत्या तलंगेस शेंकडा एक पुरें. जास्तीचा चुना बाहेर टाकतां टाकतां तिचीं मूत्रपिंडें बिघडतात. अशी कोंबडी वरून धडधाकट दिसते व ऐन भरांत अचानक मरते. मालक मात्र सांथीस दोष देतो.

म्हणून तुरा लाल होऊं लागेपर्यंत वाढीचेंच खाद्य ठेवावें व नंतर आठदहा दिवसांत हळूहळू बदलावें. शिंपल्यांचा भरड चुरा निराळ्या भांड्यांत ठेवणें आम्हांस सर्वांत सोयीचें वाटतें. कारण एका खुराड्यांतील सर्व तलंगा एकदम वयांत येत नाहींत, आणि जिला गरज असेल तीच तो खाते. चुरा पिठासारखा नसावा. जाड कण पोटांत टिकून रात्रीं उपयोगीं पडतात. शिंपले न मिळतील तेथें चुनखडीचे बारीक खडे चालतात. कळीचा चुना कधींही घालूं नये.

केवळ ज्वारी-मक्यावर तलंग लठ्ठ होते, आणि लठ्ठ तलंगेचें अंग पहिल्या अंड्यांच्या वेळीं बाहेर येण्याचें भय असतें. खाद्यांत प्रथिनें शेंकडा १६ च्या सुमारास असावींत. त्यासाठीं भुईमुगाची पेंड व सुकी मासळी चांगली. पेंडीस बुरशीचा वास येत असल्यास ती टाकून द्यावी, मग कितीही महाग पडलेली असो. १९६० सालीं इंग्लंडांत अशा विषारी पेंडीनें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले.

रात्रीं दिवा लावून दिवस मोठा करण्याची चाल आहे. ती उपयुक्त खरी. पण तलंगेचें अंग भरण्यापूर्वीं दिवा लावल्यास अंडीं लवकर येतात, लहान येतात, आणि वर सांगितलेली कणगी रिकामीच राहते.