उभें पीक मोडतांना

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईंत टोमॅटोचा दर पडला म्हणजे गृहिणीची पिशवी थोड्या पैशांत भरते. पण अशा वेळीं करवीर किंवा शिरोळ तालुक्यांतील एखादा शेतकरी फळांनीं लगडलेल्या रानांत नांगर घालीत असतो. पाहणाऱ्यास हा अन्नाचा नाश वाटतो. वस्तुतः पुष्कळदां तो त्या रानाचा पुढील हंगाम वांचविण्याचा उपाय असतो.

पीक ठेवावें कीं मोडावें, हें ठरवितांना सर्वांत आड येतो तो आजवर झालेला खर्च. रोपें, खतें, बांबू, तार, औषधें यांवरील पैसा शेतकऱ्याचें मन मागें ओढतो. परंतु तो पैसा पीक ठेवल्यानें परत येत नाहीं. हिशेब करावयाचा तो येथून पुढचा. समजा, २० किलोंच्या क्रेटला बाजारांत ८० रुपये मिळतात आणि तोडणी, गाडीभाडें व हमाली मिळून ९५ रुपये लागतात. तर प्रत्येक क्रेटमागें १५ रुपयांचा नवा तोटा होतो.

दर पुन्हां चढेल, ही आशा अगदींच खोटी नसते. २०२३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत टोमॅटो मातीमोल झाला आणि जुलैमध्यें शहरांतून किलोला १०० रुपयांवर गेला. पण थकलेलें झाड दोन महिने चांगलें फळ देत राहत नाहीं. अशा दराचा लाभ घ्यावयाचा तर नवें पीक रानांत असावें लागतें.

रोग व पूर यांच्या बाबतींत निर्णय अधिक स्पष्ट असतो. पानें चुरडून आखडविणाऱ्या विषाणूवर औषध नाहीं. पांढरी माशी तो शेजारच्या रानांत पोंचविते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या पुरांसारखें पाणी रानांत दिवसेंदिवस राहिलें, तर मुळें गुदमरून कुजतात; मग पाणी ओसरल्यावर झाड उभें दिसलें तरी सावरत नाहीं.

मोडणीसहि क्रम आहे. प्रथम बांबू, तार, ठिबकच्या नळ्या व आच्छादनाचा प्लास्टिक कागद काढावा. निरोगी हिरवा पाला जमिनींत गाडावा व कुजण्यास दोन-तीन आठवडे द्यावे. घाईनें लावलेलीं कोंवळीं रोपें पिवळीं पडण्याचा संभव असतो. रोगट झाडें मात्र मुळांसकट उपटून रानाबाहेर नष्ट करावीं. तीं उकिरड्यावर टाकल्यास कांहीं रोग खताबरोबर पुन्हां रानांत येतात. मुळांवर गांठी दिसल्या, तर जमिनींत सूत्रकृमि आहेत असें समजून, नांगरलेल्या ढेकळांना उन्हाळ्याचें कडक ऊन लागूं द्यावें.

टोमॅटोच्या जागीं वांगें, मिरची किंवा बटाटा घेऊं नये. हीं सारीं एकाच कुळांतील असून त्यांचे बरेच रोगहि समाईक आहेत. मका, कांदा किंवा घेवडा बरा. हातांत लवकर पैसा हवा असल्यास महिन्याभरांत निघणारी मेथी. फ्लॉवर-कोबीसारखें रोपांचें पीक घ्यावयाचें असेल, तर जुनें पीक मोडण्यापूर्वींच दुसऱ्या जागीं रोपें टाकावीं. तीं तयार होण्यास २५ ते ३० दिवस लागतात. तेवढ्यांत पालाहि कुजतो आणि रान रिकामें पडत नाहीं.

म्हणून वैशाखांत नांगर धरणारा शेतकरी आतबट्ट्याच्या चार तोडण्या सोडून देतो. त्यांच्या लोभानें मृगाचा वाफसा चुकला, तर पुढचें पीकहि उशिरा लागतें, आणि एका हंगामाचा तोटा दोन हंगामांचा होतो.