दुसरी बॅटरी का उतरते?



रात्रीच्या खेपेला ट्रॉलीचा मागचा दिवा विझलेला असला, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला उसाचा ढीग दिसतच नाही. अशा अपघातांत आपल्याच गावची माणसे जातात. म्हणून या वेळी लागण-खत बाजूला ठेवून बॅटरीविषयी लिहीत आहे.

पुष्कळ ट्रॅक्टरना आता दोन बॅटऱ्या दिसतात. एक सेल्फसाठी, दुसरी डेक आणि ट्रॉलीच्या दिव्यांसाठी. चार्ज दोन्ही एकाच अल्टरनेटरवर. तक्रार ठरलेली : "साहेब, सेल्फ एकदम टकाटक, पण मागचे दिवे दोन तासांत मंद." मग नवी बॅटरी येते आणि महिन्याभरात तीही बसते.

एका सभासदाने नवी बॅटरी घेण्याआधी मला गाठले, हे बरे झाले. इंजिन चालू ठेवून मीटर लावला. पहिल्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट, दुसरीवर १२. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत (१३.८ ते १४.४ असले की समजावे), पण माल दुसरीपर्यंत पोचत नव्हता. पाटाला पाणी आहे, शेवटच्या सरीला नाही, तसाच प्रकार. प्रथम फ्यूज पाहिला, तो चांगला. मग मीटरची एक तार दुसऱ्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये, दिसले १.७! अर्थिंगची तार रंगावरच बोल्टने आवळली होती. रंग खरवडून तार पुन्हा आवळली, तर १३.४ झाले. उरलेली गळती पॉझिटिव्ह वायरीत. ती घरच्या फिटिंगची बारीक वायर होती! जाड केबल घातली, दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज बसवले आणि मीटर १३.९ वर गेला. मधे रिले असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टही तपासावेत. इंजिन चालू असताना ते जवळपास सारखे हवेत.

चालू इंजिनवर टर्मिनल काढून चार्जिंग बघायची काही मिस्त्रींची जुनी खोड आहे. तसे करू देऊ नका, अल्टरनेटरचे डायोड जळतात. तार काढायची तर इंजिन बंद करून, आधी निगेटिव्ह. आणि बॅटरीजवळ विडी नको, चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो.

ट्रकची गोष्ट निराळी. तिथे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. टेपसाठी एकीवरूनच १२ व्होल्ट ओढले, की ती कायम उपाशी राहते आणि दुसरीला जादा चार्ज होऊन तिचे पाणी आटते. तिथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच बसवावा.

हे सर्व ठीक असून, रात्रभर पूर्ण चार्ज केलेली बॅटरी तारा सोडून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली येत असेल, तर दोष बॅटरीचाच. मग खुशाल दुकानात जावे.